पाचपैकी दोन स्टार, तेही कागदपत्रं बघणाऱ्या ताईंचे

परदेशी अॅडमिशनची कामं करणारी पुण्यातली एक कन्सल्टन्सी. नाव घेत नाही. फी 35 हजार, निम्मी आधी.

माझं वय 38. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला चौदा वर्षं. व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, व्हायचंय म्हटल्यावर समोरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, त्यापेक्षा डेटा अॅनालिटिक्सला एमएस बघू ना, या वयात ते बरं पडतं." कुणाला बरं, हे कळायला दोन भेटी गेल्या.

पदवीधरांसाठी चार वर्षांचे कोर्स आहेत. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात आहे, एडिंबरोला आहे. मेलबर्नचा डीव्हीएम (तिथला व्हेटचा कोर्स) तर पदवीनंतरच करायचा असतो, फक्त आधी बायॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्री झालेली लागते. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी मला नाही. फीच वर्षाला चाळीस लाखांच्या पुढे जाते, हेही मीच शोधलं. (आकडा ऐकून नवरा जेवताना गप्प होता.)

तारखेचा घोळ तर कहर. "जानेवारीपर्यंत टाइम आहे." असेल, बाकीच्या कोर्सना. यूकॅसवर, म्हणजे ब्रिटनच्या कॉलेजांचे अर्ज भरायच्या वेबसाइटवर, मेडिकल, डेंटल आणि व्हेटची मुदत 15 ऑक्टोबरलाच संपते. हे मी 9 तारखेला रात्री वाचलं आणि चार दिवस रजा टाकली.

आता अनुभवाचं पत्र. दोन वर्षं सुट्ट्या जमवून मी मामाच्या गावच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जात होते. म्हैस गाभण आहे का बघायला खांद्यापर्यंत हातमोजा चढवून पहिल्यांदा हात घातला, तर नुसतं ऊन ऊन शेण लागलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मनगट सैल सोडा, बोटांनी बघा." त्यांनी पत्र मराठीत, हाताने लिहून, गोल शिक्का मारून दिलं. पोरानं ते बाजूला ठेवलं आणि स्वतःच एक इंग्रजीत छापून आणलं. त्यात मी 'पेट क्लिनिक'मध्ये होते म्हणे! सही साहेबांची, पण करायची मी.

तेव्हा मागच्या टेबलावरच्या ताई उठल्या. मूळ पत्राचं भाषांतर त्यांनी दोन दिवसांत करून आणलं, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट कशी काढायची तेही नीट सांगितलं. त्या स्वतंत्र काम करत असतील तर डोळे झाकून जा.

उरलेल्या फीसाठी रोज फोन येतो. मी अर्ज भरल्याची पोच व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्यावर त्या पोराचा अंगठा आला.