निकेल रॉडने जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड: आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीत माझ्या जुन्या महिंद्रा कमांडरच्या डिझेल इंजिनाला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बसवला. त्यासाठी मूळचा बिडाचा (कास्ट आयर्नचा) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करून बाहेर नेणारा नळ, कापून त्यावर टर्बो जोडायला माइल्ड स्टीलची फ्लँज (बोल्टांची सपाट पट्टी) वेल्ड केली. आता आषाढ चालू आहे. चिपळुणात रोजची धाव आणि महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट, एवढं झाल्यावरच लिहायला बसलोय.

पहिला प्रयत्न स्टीलसाठीच्या साध्या ६०१३ वेल्डिंग रॉडने, तोही थंड कास्टिंगवर (ओतीव बिडावर). रन (वेल्डची ओळ) दिसायला सुरेख आला. पडवीत चहा घेत होतो, तेवढ्यात शेडमधून ‘टक्क’ असा आवाज आला. बघतो तर वेल्ड शाबूत, पण त्याच्या कडेकडेने केसाएवढी भेग. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. वेल्डलगतचं बीड झटकन निवलं की हा कार्बन ग्रॅफाइट न राहता कार्बाइड होतो, काचेसारखा कडक आणि ठिसूळ. निवताना आक्रसणारा वेल्ड नेमकी तीच जागा ओढतो.

दुसऱ्या वेळी ५५ टक्के निकेलचे रॉड आणले. साध्या रॉडच्या मानाने फार महाग, पण निकेलचा वेल्ड मऊ राहतो, ताण सोसतो आणि बीड व स्टील दोन्हीला धरतो. भेग ग्राइंडरने उघडली आणि पुढे धावू नये म्हणून टोकांना ३ मिमीची भोकं मारली. जुनी काजळी गॅसने जाळली, तरी पहिल्या रनला बुडबुडे आलेच. तो सगळा घासून काढला. मग कोळशाच्या भट्टीवर कास्टिंग ३०० अंशांपर्यंत तापवलं. रॉड २.५ मिमीचा, करंट ७० अँपिअर, एका वेळी जेमतेम इंचभर रन, आणि तो लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके. आपल्याकडच्या दमट हवेत रॉड सर्दावतात, म्हणून पाकीट फोडल्यावर ते आधी भाजून घेतले.

शेवटी मॅनिफोल्ड भाताच्या तुसाच्या राखेत पुरला. सकाळी राख उकरली तेव्हाही तो हाताला कोमट लागत होता. माझ्या मते रॉडच्या किमतीपेक्षा या राखेचं काम मोठं आहे.

चार महिन्यांनी सकाळी गाडी सुरू करताना टिकटिक ऐकू यायला लागली. गरम झाली की बंद. मॅनिफोल्डच्या टोकाच्या पोर्टपाशी (इंजिनातून धूर येण्याच्या तोंडापाशी) काजळीचा काळा पट्टा होता. वेल्ड ठीक होता, पण तापून मॅनिफोल्डचा चेहराच (इंजिनाला टेकणारी सपाट बाजू) वाकला होता. ही चूक माझीच. टर्बोला दिलेला आधार मी घट्ट आवळला होता आणि टोकाच्या बोल्टांच्या भोकांत फुगायला जागाच ठेवली नव्हती. खेर्डीच्या एमआयडीसीत चेहरा मशीनवर सपाट करून घेतला, टोकाची भोकं थोडी मोठी केली, आधाराला लांबट खाच दिली. त्यानंतर टिकटिक नाही.

बूस्ट (टर्बो देतो तो हवेचा जादा दाब) मी ०.४ बारवरच ठेवलाय. जुन्या इंजिनाला तेवढा पुरे. घाटात एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा ६०० अंशांवर गेला की पाय सैल करतो, आणि वर पोचल्यावर दोन मिनिटं गाडी आयडलिंगला ठेवूनच बंद करतो. हे काम करणाऱ्यांनी इंजिनातल्या बदलाबद्दल आधी आरटीओत विचारून घ्यावं. परवा धो धो पावसात घाट चढून आलो, बॉनेट उघडून टॉर्च मारला. वेल्डच्या कडेला थोडा तांबूस गंज आहे, भेग कुठेच नाही.