छोट्या इलेक्ट्रिक गाडीला मागे सायकल रॅक: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तरी मी हिचवर (गाडीच्या मागे खाली बोल्टने बसवलेल्या लोखंडी जोडणीवर) बसणारा मागचा रॅकच घेईन, टपावरचा नाही. पण खरेदी करताना सगळ्यांचं लक्ष ज्या आकड्याकडे असतं, म्हणजे हिच किती किलो पेलते, त्या आकड्यावरून छोट्या इलेक्ट्रिक गाडीत फार काही कळत नाही. सव्वा इंची रिसीव्हरचा (रॅकचा दांडा ज्यात सरकतो त्या चौकोनी नळीचा) साधा हिच वरून खाली पडणारं वजन साधारण ९० किलोपर्यंत घेतो. दोन सायकली आणि रॅक मिळून त्याच्या जवळपासही जात नाहीत. अडचण येते ती हे वजन मागच्या चाकांच्या किती मागे लटकतंय त्यामुळे.

हिशोब सोपा आहे. रॅक २० किलो, साध्या दोन सायकली प्रत्येकी १५, एकूण ५० किलो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरा आणि या वजनाचा मध्य मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे. मग मागच्या चाकांवर ५० नाही, ७४ किलो भार वाढतो आणि पुढची चाकं २४ किलोंनी हलकी होतात. मागे भार जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते, तोच प्रकार, फक्त डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांची मोटर पुढची चाकं फिरवते आणि तिचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. ओल्या चढावर सिग्नल सुटला आणि पाय नेहमीसारखा पडला, की पुढचं चाक जागेवर गरगरतं आणि डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो. ब्रेक न दाबता मोटरच गाडी मंद करते (याला रीजन म्हणतात), तेही याच पुढच्या चाकांवर. म्हणून रॅक भरलेला असताना मी पावसात रीजन खालच्या पातळीवर ठेवतो आणि इको मोड लावतो. एवढ्याने प्रश्न जवळजवळ मिटतो. हेडलाइटही वर बघायला लागतात. उंची कमी करायची चकती असेल तर ती फिरवायला विसरू नका, समोरून येणारे शिव्या घालतात.

याच कारणाने जोडनळी, म्हणजे हिच आणखी मागे नेणारं एक्स्टेन्शन, मी लावलेलं नाही. डिकी उघडायला ते सोयीचं असतं, पण बरेच हिचवाले ते लावल्यावर पेलायचं वजन निम्म्यावर आणतात, आणि ते उगाच नाही. त्यापेक्षा खाली झुकणारा रॅक घ्यावा. सायकली लावलेल्या असतानाही डिकी उघडते.

दुसरी गोष्ट गाडीच्या स्वतःच्या वजनाची. बॅटरीमुळे या गाड्या आकाराच्या मानाने जड असतात, त्यामुळे माणसं आणि सामान मिळून जेवढं वजन चालतं ते अनेकांना वाटतं त्यापेक्षा कमी निघतं. मॅन्युअल आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा, मागच्या आसाची मर्यादाही बघा. चार माणसं, डिकीभर सामान आणि मागे दोन ई-सायकली हे गणित बहुधा बसत नाही. ई-सायकल २५ किलोंच्या घरात जाते. तिची बॅटरी काढून गाडीत ठेवली तर दोन-तीन किलो वाचतात आणि शिवाय ती पावसात भिजत नाही. काही कंपन्या गाडीने ट्रेलर ओढायला मनाई करतात पण सायकल रॅकला हरकत घेत नाहीत. काही दोन्हींबद्दल गप्प असतात. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काय म्हणतं ते हिच घ्यायच्या आधी वाचा.

बसवण्याचं काम मात्र अपेक्षेपेक्षा सुखाचं. सायलेन्सर नाही, एक्झॉस्टचा पाइप नाही, त्यामुळे मागे खाली हात घालायला भरपूर जागा. बंपरचं प्लास्टिक उतरवलं की आतली आडवी पट्टी दिसते, आणि हिच तिच्या बोल्टांवर किंवा चेसिसच्या पोकळ दांड्यांत आधीच असलेल्या भोकांतून बसतो. पोकळ दांडीत बोल्ट ओढून घ्यायला स्प्रिंगसारखी तार मिळते, ती नसेल तर दुपार तिथेच जाते. नवीन भोकं पाडायला सांगणारा हिच मी घेणार नाही. खाली बॅटरी आहे आणि जास्त व्होल्टच्या विजेच्या जाड नारिंगी केबली आहेत, त्यांच्या आसपास ड्रिल चालवायचं काम नाही. खालचं प्लास्टिकचं आवरण थोडं कापावं लागतं. बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला घट्ट करायचे, आणि थोडं चालवून झालं की पुन्हा तपासायचे.

दिव्यांची वायरिंग ही खरी डोकेदुखी. सायकली टेललाइट आणि नंबर प्लेट झाकतात, आणि बहुतेक ठिकाणी ते नियमात बसत नाही. म्हणून रॅकवर दिव्यांची पट्टी आणि प्लेट लागते. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर दिव्यांतून जाणाऱ्या विजेवर लक्ष ठेवतो, त्यामुळे टेललाइटच्या वायरला सरळ जोड दिला तर बल्ब गेल्याची सूचना येत राहू शकते. जो मॉड्यूल टेललाइटकडून फक्त इशारा घेतो आणि वीज १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून ओढतो, तो लावला की कटकट संपते. हे काम वायरिंगच्या माणसाकडे द्यावं, असं माझं मत.

रॅक कसा आहे? चाकाला धरणारा, खाली तबक असलेला. लटकवायचे रॅक बरेच हलके मिळतात आणि वर सांगितलेल्या हिशोबात ते मोठं पुण्य आहे, पण सायकली एकमेकींवर घासतात आणि लेडीज फ्रेम त्यावर नीट बसत नाही. कार्बन फ्रेम असेल तर फ्रेमला चिमटा नकोच. रिसीव्हर आणि रॅकच्या दांड्यात थोडी ढिलाई असतेच. ती काढणारा बोल्ट किंवा आतून फुगणारी पाचर नसेल तर खड्ड्यात धाडधाड वाजतं.

गाडी चालताना रॅकचा त्रास फार कमी होतो. खरी परीक्षा रिव्हर्समध्ये. सेन्सर सतत कोकलतात, कॅमेऱ्यात फक्त टायर दिसतात, आणि मागे आपोआप ब्रेक लावणारी सोय असेल तर ती सायकललाच अडथळा समजून गाडी थांबवते. मेन्यूत जाऊन ती बंद करावी लागते. चार्जिंगला चार्ज पोर्ट कुठे आहे यावर सगळं. पुढे नाकावर किंवा पुढच्या मडगार्डवर असेल तर आनंद. सरळ आत घ्यायची आणि गन लावायची, शेपूट बाहेर राहिली तर रस्ता अडत नाही ना, एवढंच बघायचं. पोर्ट मागे असेल तर रॅकसकट मागे घ्या, आणि केबल पुरेल का ते त्या जागेवर ठरतं. घराबाहेर पडायच्या आधी पोर्टची जागा लक्षात घेऊन थांबे ठरवावेत.

रेंजबद्दल लोक फार घाबरवतात. शहरात मला फरक जाणवतही नाही. हायवेवर १०० च्या आसपास, दोन सायकली लावून, साधारण दहावा हिस्सा जातो. मागचा रॅक गाडीच्या आडोशाला असतो म्हणून टपापेक्षा बरं, पण सायकल आडवी असते, तिची लांबी पावणेदोन मीटरच्या पुढे, आणि छोटी गाडी साधारण तेवढीच रुंद. त्यामुळे चाकं दोन्ही बाजूंनी वाऱ्यात डोकावतात, आणि अरुंद फाटकातून जाताना हेच लक्षात ठेवायचं. वेग ८० वर आणला की बराचसा तोटा भरून निघतो, कारण १०० ला हवेचा विरोध ८० च्या दीडपटीहून जास्त असतो. रिकामा रॅक उभा दुमडून ठेवला तर आकड्यात काही दिसत नाही, तरीही मी तो काढून ठेवतो. पार्किंगमध्ये नडग्या फोडून घ्यायची हौस नाही.

कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट: गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरची धूळ-चिखल तिथेच उडतो. ओल्या रस्त्यावरून गेलं की चेन, गिअर, सीट सगळं राखाडी. सीटवर पिशवी, निघायच्या आधी चेनला तेल, आणि पोचल्यावर फडका. दाबाच्या पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघतं. पुढचं चाक फ्रेमला पट्ट्याने बांधलं नाही तर ते वाऱ्याने वाटभर फिरत राहतं. रिसीव्हरला रबरी टोपण आणि रॅक रिसीव्हरमध्ये अडकवणाऱ्या पिनला दर काही आठवड्यांनी थोडं ग्रीस लावलं नाही, तर कुलूप असलेली पिन अडकून बसते आणि मग रॅक काढायला हातोडी लागते.