काठावरचा गृहप्रकल्प: एकदाच मंजुरी की टप्प्याटप्प्याने?

नदी किंवा खाडीकाठचा मोठा गृहप्रकल्प शहराच्या नियोजन आयोगापुढे आला की सुनावणी इमारतींची उंची आणि पार्किंग यांतच अडकून पडते. खरा पेच वेगळा असतो. संपूर्ण आराखडा आजच मंजूर करायचा, की एकेक टप्पा आला की तेव्हाचा तेव्हा तपासायचा?

एकदाच मंजुरी देण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा जमिनीखाली आहे. मऊ गाळावर भराव टाकला की खालची माती महिनोन्महिने दबत राहते. दुसऱ्या टप्प्याचा भराव पहिल्या टप्प्यातल्या उभ्या इमारतींना खेटून पडला, तर दबणारी माती जुन्या पाइल्सना, म्हणजे पायाच्या खोल खांबांना, खाली ओढते. मलवाहिन्यांचा उतार बिघडतो, काही ठिकाणी उलटाही होतो, आणि चेंबर तुंबायला लागतात. सगळा आराखडा हाताशी असेल तर हद्दीलगतच्या पट्ट्यात आधीच भराव टाकून, मातीतलं पाणी बाहेर काढणारे उभे निचरे बसवून माती वेळेत दाबून घेता येते. पूरसंरक्षक भिंतीचंही तसंच. पहिल्या टप्प्याची भिंत जिथे संपते तिथून पाणी वळसा घालून मागून शिरतं. म्हणून ते टोक आत वळवून उंच जमिनीला भिडवावं लागतं. ही तात्पुरती भिंत नकाशात आहे का, ते आधी बघा; बहुतेकदा ती राहून गेलेली असते.

मलवाहिनीचा व्यास शेवटच्या टप्प्यातली घरं धरून ठरवावा लागतो, पण सुरुवातीला लोक थोडे असतात. प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली राहिला की गाळ तळाशी बसतो. यावर उपाय म्हणजे पंपघराची विहीर पूर्ण क्षमतेची बांधायची, पंप मात्र टप्प्यांनुसार वाढवायचे. टप्प्यागणिक वेगळी मंजुरी देताना हा हिशेब कुणाच्याच फाइलमध्ये बसत नाही.

आता दुसरी बाजू. आज दिलेली मंजुरी वीस वर्षं चालली, तर आजचीच पूररेषाही वीस वर्षं चालते. न्यूयॉर्कला २०१२ च्या सँडी वादळानंतर पुराचे नकाशे नव्याने तपासावे लागले. जुन्या पातळीवर मंजूर झालेल्या टप्प्याची जोत्याची उंची नंतर वाढवायची म्हटलं तर विकासक मिळालेल्या हक्कांकडे बोट दाखवतो. पातळी वाढवली तरी शेजारच्या जुन्या टप्प्याशी सांधा जुळवावा लागतो: फरक फक्त ६० सेंटीमीटरचा असला तरी १:१२ उताराने ७.२ मीटरचा रॅम्प लागतो, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. ही जागा आधी राखली नसेल तर ती पदपथातून जाते.

न्यूयॉर्कमधलीच दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. डोमिनो साखर कारखान्याच्या जागेवरचा मोठा आराखडा २०१० मध्ये मंजूर झाला. २०१२ मध्ये जमीन दुसऱ्या विकासकाकडे गेली आणि २०१४ मध्ये बदललेला आराखडा पुन्हा नियोजन आयोगापुढे आला. परवडणारी घरं ६६० वरून ७०० झाली, आणि काठावरचं उद्यान बहुतेक उंच इमारतींच्या आधी, २०१८ मध्येच खुलं झालं. म्हणजे एकत्र मंजुरीतही फेरविचाराला दार ठेवता येतं. उलट ग्रीनपॉइंट-विल्यम्सबर्ग भागाच्या २००५ च्या फेरझोनिंगमध्ये, म्हणजे जमीनवापराचे नियम बदलताना, काठावर मोठ्या उद्यानाचं आश्वासन होतं, पण सगळी जमीन शहराच्या ताब्यात नव्हती. टॉवर उभे राहिले, भाव वाढले, आणि उद्यानासाठी उरलेला तुकडा १६ कोटी डॉलरला घ्यायचं ठरेपर्यंत २०१६ उजाडलं. जमीन हातात नसताना उद्यानाची रेघ नकाशावर ओढली की ती रेघच तेवढी स्वस्त असते.

जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या हाफेनसिटीने, म्हणजे जुन्या बंदराच्या जागेवर वसवलेल्या भागाने, तिसरी वाट काढली. १९६२ च्या पुरात त्या शहरात तीनशेहून अधिक माणसं गेली होती, त्यामुळे पाण्याचा धाक नव्याने शिकवायची गरज नव्हती. २००० च्या आराखड्यात सगळ्या भागाभोवती बांध घालण्याऐवजी इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंच चौथऱ्यांवर घेतल्या. बांध असता तर तो पुरा होईपर्यंत एकही घर सुरक्षित नसतं. चौथऱ्यामुळे प्रत्येक टप्पा स्वतःपुरता सुरक्षित झाला. पूर्वेकडच्या भागाचा आराखडा २०१० मध्ये सुधारूनही घेता आला. अर्थात तिथे बहुतांश जमीन शहराच्या मालकीची होती. खासगी जमिनीवर एवढी मोकळीक मिळत नाही.

तेव्हा निवड कशी करायची? गाळाची, भरावाची जमीन आणि सामायिक भिंत असेल तर एकत्र मंजुरीच घ्यावी, पण ती रस्ते, भराव, वाहिन्या, काठावरचा सार्वजनिक पट्टा आणि एकूण घरांची कमाल संख्या एवढ्यापुरती. जोत्याची पातळी, पावसाच्या पाण्याचा साठा आणि वाहतूक दर टप्प्याला ताज्या आकड्यांवर तपासायची, हे अटीतच लिहायचं. जमीन टणक आणि उंच असेल, प्रत्येक टप्प्याला स्वतःचा रस्ता आणि निचरा असेल, तर स्वतंत्र मंजुरीने काही बिघडत नाही.

अटी मात्र कुठेही तारखेला बांधू नका. मंदी आली की तारखेला मुदतवाढ मिळते. बांधकाम परवानगीला बांधल्या तर अर्धवट सांगाडे उभे राहतात आणि आयोगावरच दबाव येतो. भोगवटा प्रमाणपत्राला बांधा, कारण विकासकाचे पैसे तिथे अडकतात. समजा १,००० घरं आहेत: पहिल्या टप्प्यासमोरचा काठ आणि आपत्कालीन दुसरा रस्ता पहिल्या प्रमाणपत्राआधी, आणि संपूर्ण काठ ७०० व्या घराआधी. शेवटच्या घराला बांधलेली अट निरुपयोगी, कारण शेवटची शंभर घरं वर्षानुवर्षं न बांधताही विकासकाचं भागतं. परवडणाऱ्या घरांचा वाटा प्रत्येक टप्प्यात तेवढाच हवा, सगळा शेवटच्या टप्प्यात ढकललेला नको.

या अटी पाळण्यासाठी विकासकाकडून घेतलेल्या बँक हमीची रक्कम बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाला जोडून दरवर्षी वाढायला हवी. अटी जमिनीच्या नोंदीवर चढवल्या नाहीत तर टप्पा विकला गेल्यावर नवा मालक हात झटकतो. सुनावणीत एक प्रश्न हटकून विचारा: दुसरा टप्पा कधीच झाला नाही, तर भिंतीचं टोक, पंपघराची देखभाल आणि मोकळ्या भूखंडातलं पावसाचं पाणी कोणाच्या गळ्यात? उत्तर तोंडी मिळालं तर ते इतिवृत्तात नको, अटींच्या यादीत चढवून घ्या.