सॅन फ्रान्सिस्कोचं जपानी टी गार्डन: फोटो काढून लगेच निघू नका

घरून कोणी आलं की बे एरियातले आपण सगळे गोल्डन गेट ब्रिज, लोंबार्ड स्ट्रीट दाखवून मोकळे होतो आणि गोल्डन गेट पार्कातलं हे गार्डन "वेळ उरला तर" यादीत जातं. आधी इथे न्या. जागा जेमतेम 5 एकर, पण गडबडीत बघायची नाही.

1894 च्या मिडविंटर एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी इथे जपानी खेडं उभारलेलं, ते संपल्यावर माकोतो हागिवारा नावाच्या गृहस्थांनी ते हातात घेतलं, वाढवलं, जपानहून झाडं-मासे मागवले आणि कुटुंबासकट आतच राहिले. चायनीज हॉटेलात मिळणारी फॉर्च्यून कुकी (आत भविष्याची चिठ्ठी असलेलं बिस्कीट) पण अमेरिकेत पहिल्यांदा त्यांनीच चहाबरोबर दिली म्हणतात (लॉस एंजेलिसवाले हे अजिबात मान्य करत नाहीत, ते चालू दे). मग 1942 साली दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकलं, त्यात हे कुटुंबही गेलं, घर पाडलं, बागेचं नावसुद्धा बदलून ओरिएंटल टी गार्डन केलं, जुनं नाव परत यायला 1952 उजाडलं. आता गेटसमोरच्या रस्त्याला हागिवारांचं नाव आहे.

हे माहीत असलं की धबधब्याशेजारच्या उतारावरची ठेंगणी झाडं वेगळीच दिसतात. ती हागिवारांची स्वतःची. घर सोडताना दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागली, पुढे विकली गेली, आणि घेणाऱ्या बाईंनी मृत्युपत्रात शहराला दिली म्हणून 1960 च्या दशकात परत आली. लोक त्यांच्यासमोरून सरळ ड्रम ब्रिजकडे पळतात, वाईट वाटतं खरंच. ब्रिज मस्तच आहे, पण अर्धगोल आणि जवळजवळ शिडीसारखा चढायचा, गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच फोटो काढावा.

बाकी झाडांत काळा पाइन, कॅमेलिया, बांबू, शेवाळ, आणि फुजी पर्वताच्या आकारात छाटलेलं कुंपण, ते कुणी दाखवल्याशिवाय कळतच नाही. चेरी बघायची तर मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, तेव्हा गर्दीही तेवढीच. मला विचाराल तर शरद ऋतूत जा, मेपल लाल झालेले असतात आणि बाकावर बसायला जागा मिळते. 1790 सालचा ब्राँझचा बुद्ध आहे, 1953 ची रेवेची झेन बाग आहे, ती मला एवढी भावली नाही, चालता चालता संपते.

टी हाऊसमध्ये माचा (जपानी हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) घ्या, तळ्याकडेला बसायला मिळालं तर सोडू नका, पण पोटभर जेवायला येऊ नका. सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी 9 ते 10 मध्ये आत गेलात तर तिकीट लागत नाही. जुलैतसुद्धा जॅकेट घ्या, धुकं आलं की आई-बाबा गारठतात. गाडी पार्कातल्याच म्युझिक कॉन्कोर्स चौकाखालच्या पार्किंगमध्ये लावा, तिथून दोन मिनिटांवर गेट.