लीडर व्हायला गेलो, कर्जदार होऊन आलो

भोसरी एमआयडीसीत माझं प्रेस टूल्सचं वर्कशॉप आहे. 22 माणसं, आणि प्रत्येकाचा प्रश्न माझ्याच टेबलावर. 'रोजचे चार तास वाचवा' ही एका कोचिंगवाल्याच्या सेमिनारची जाहिरात दिसली तेव्हा 99 रुपये भरून रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसलो.

सकाळ चांगली गेली, हे मान्य करतो. तातडीचं आणि महत्त्वाचं यांचे चार चौकोन, 25 मिनिटं काम मग थोडी विश्रांती. सगळं यूट्यूबवर फुकट मिळणारं, पण माइकवरून ऐकलं की नवं वाटतं. मग पडद्यावर आलं 1953 सालचं येल विद्यापीठाचं संशोधन: ध्येय लिहून ठेवणाऱ्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी वीस वर्षांत बाकीच्या 97 टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती कमावली. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. असं संशोधन कधी झालंच नव्हतं, हे कर्ज झाल्यावर वाचलं.

जेवणानंतर विषय निघाला झटपट निर्णयाचा. "घरी विचारून सांगतो म्हणणारा लीडर कसला?" सगळे हसले, मीही हसलो. फास तिथेच होता. तासाभरात त्याच वाक्याने माझं तोंड बंद केलं. वर्षभराचं कोचिंग, 1,20,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,41,600. "सर, आजच घेतलं तर बिनव्याजी हप्ते, महिना फक्त 11,800." शेजारी उभ्या पोराने माझ्याच फोनवर आधार, पॅन भरलं, मी ओटीपी सांगितला.

तो फीचा हप्ता नव्हता. माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं आणि पैसे परस्पर कोचिंगवाल्याच्या खात्यात गेले होते. 'सरांशी वैयक्तिक भेट' म्हणजे झूमवर एक पोरगेलासा कोच, तोही स्लाइड वाचून दाखवणारा. तिसऱ्या सत्रानंतर फोन उचलणं बंद. सीएने पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. भरलेल्या जीएसटीची माझ्या करातून मिळणारी वजावट, म्हणजे क्रेडिट, गेलंच.

फायनान्सवाले म्हणतात, कोर्स मिळाला नाही तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न, हप्ता भरा. अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्यापुरतं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला कळेपर्यंत दुसरा हप्ता कापला गेला होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पण वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या सेवेत 'ग्राहक' ठरणंच कठीण. स्वतःच्या उपजीविकेपुरता धंदा असेल तर कायद्यात सवलत आहे, पण 22 कामगारांच्या मालकाने ते पटवायचं कसं?

असल्या हॉलमध्ये जायचंच असेल तर आधार-पॅन घरी ठेवा. ओटीपी आला तर तो कोणी आणि कशासाठी पाठवलाय, तो मेसेज पूर्ण वाचा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक तिथेच बसून तपासा, दोन मिनिटं लागतात.

बायकोला अजून कोर्सची पूर्ण रक्कम सांगितलेली नाही. दर महिन्याच्या 5 तारखेला बँकेचा मेसेज येतो आणि मी फोन उलटा ठेवतो.