घरी राहून गावातली खाजगी शाळा, की खोली घेऊन लांबचं शिक्षण सेवकपद?

पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, शाळांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की दरवेळी कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, इथल्या इंग्लिश मीडियमवाल्यांनी बोलावलंय. घरीच राहता येईल. मग तीनशे किलोमीटर लांब कशाला जाऊ?"

आधी पैशांचं बघू. 1 जानेवारी 2023 पासून शिक्षण सेवकाला, म्हणजे कायम होण्याआधी तीन वर्षं मानधनावर शिकवणाऱ्याला, प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये मानधन आहे. तीन वर्षं तेवढंच. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. विनाअनुदानित शाळेत संस्थाचालक म्हणतील तो पगार. माझी एक मैत्रीण बी.एड. आहे, सात वर्षं शिकवतेय, 9,000 मिळतात. मे महिना कोरडाच.

वरवर पाहता तरी तिचं बरं वाटतं. भाडं नाही, डब्याचे पैसे नाहीत, नऊच्या नऊ हजार हातात.

मी 2019 ला लागले तेव्हा मानधन होतं 6,000. खोलीचं भाडं 1,500, मेसचा डबा 2,200, शाळेपर्यंत वडापची जीप, शिवाय तक्ते आणि स्केचपेन स्वतःच्या खिशातून. वीस तारीख उलटली की बाबांचा फोन, "टाकू का दोन हजार?" दिवसभर पोरं मॅडम मॅडम करायची आणि संध्याकाळी मी बाबांना "टाका" म्हणायचे. आमच्या तुकडीची तीन वर्षं 2022 ला संपली आणि मानधन वाढलं पुढच्या जानेवारीपासून. असो.

म्हणजे ती घरात, मी बाहेर, पण पोसत होते दोघींचेही आईबापच. तिची शाळा तर तिच्या आईच्या स्वयंपाकघरावर चालते, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. फरक एवढाच, की माझ्या नेमणूकपत्रात तीन वर्षं लिहिलेली होती. ती संपल्यावर प्राथमिकला 29,200 मूळ वेतनापासून सुरुवात, वर भत्ते. तिच्याकडे नेमणूकपत्रच नाही.

घरी राहण्याची किंमत पैशात दिसत नाही. "तू घरीच आहेस ना" म्हणत दळण, भाचीचा अभ्यास, पाहुण्यांचा चहा, सगळं तिच्या गळ्यात. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) यांचा अभ्यास रात्री अकरानंतर. शिकवणाऱ्या मुलग्यांचं दुखणं वेगळं. घरी राहणाऱ्या खाजगी मास्तरला मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही, आणि शिक्षण सेवकालाही "कायम कधी होणार?" हे विचारतातच, पण त्याला निदान तारीख सांगता येते.

तरी घरीच थांब असं मी काहींना सांगते. आईवडिलांपैकी कुणी आजारी आहे, बघायला दुसरं कुणी नाही, किंवा गुण थोडक्यात कमी पडलेत आणि पुढची टेट द्यायची आहे. मग थांबावं, पण पूर्ण वेळ शाळेपेक्षा घरी चार शिकवण्या घ्याव्यात, अभ्यासाला दुपार तरी मिळते. गावातल्याच अनुदानित संस्थेची जागा 'मुलाखतीसह' यादीत, म्हणजे संस्था मुलाखत घेऊन निवडते त्या यादीत, असेल तर ती जरूर भरावी. घरही राहतं आणि तीन वर्षांनी वेतनश्रेणीही.

पुण्यात कॉट बेसिसवर राहून खाजगी शाळेत शिकवायचं मात्र कुणी काढू नये. तिथे घरही नाही आणि नोकरीही नाही.

बाकी कुणाचं नाव जिल्हा परिषदेच्या यादीत आलं असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: जा. स्वतःच्या जिल्ह्यात बदली लगेच होणार नाही, हे धरून जा. शाळा ठरवायच्या समुपदेशनाला रिकाम्या जागांच्या शाळांची यादी समोर येते आणि निवडायला जेमतेम दोन-चार मिनिटं मिळतात. त्याआधी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या गुरुजींना गाठून विचारून ठेव, की कुठल्या गावात भाड्याची खोली मिळते, शेवटची एसटी कितीला आहे आणि पावसाळ्यात कुठला ओढा रस्ता अडवतो.