कॅलिप्सो, स्टीलपॅन आणि फिरकी: कॅरिबियन किशोरकादंबऱ्या कशा वाटल्या

वेस्ट इंडीजच्या पोरांच्या क्रिकेटकथांत संगीत नुसतं मागे वाजत राहिलं की पुस्तक फसतं. कॅलिप्सो म्हणजे मुळात गाऊन सांगितलेली बातमी. १९५० मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंड ३२६ धावांनी हरलं, वेस्ट इंडीजच्या रामाधीन-व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीने १८ बळी घेतले आणि त्या विजयावर कॅलिप्सो रचलं गेलं. छोट्या नायकाच्या खेळावर वस्तीतलं कुणी असंच कडवं जुळवतं, ती पुस्तकं मला फार आवडतात.

पुस्तक घेण्याआधी पॅन, म्हणजे पोलादी पिंपापासून बनवलेलं स्टीलपॅन हे वाद्य, वाजवण्याचा एखादा प्रसंग वाचून बघा. टेनर पॅनवर, म्हणजे सगळ्यात उंच स्वरांच्या पॅनवर, खालचे स्वर कडेला आणि वरचे मध्याकडे असतात. काठीच्या टोकाला रबर असतं. जोरात बडवलं तर पत्रा दबून स्वर बिघडतो. पोरगा ढोलासारखा पॅन बडवत असेल, तर लेखकाचा अभ्यास कच्चा आहे. बेटांची सरमिसळही खटकते: स्टीलपॅन त्रिनिदादचा, बार्बाडोसचा टक बँड वेगळा, त्यात बासरी आणि ढोल.

क्रिकेटची वर्णनं सहसा ठीक असतात. भाषांतरात मात्र कॅलिप्सोची यमकं हरवतात, म्हणून मूळ ओळीही छापलेली आवृत्ती घ्या आणि मुलांना त्या मोठ्याने वाचायला लावा.